इनास हाक मारून बघायचा

आमच्या कंपनीत हल्ली नव्या गेमचं नाव खुर्चीत बसूनच ठरतं. कुणीतरी कॉम्प्युटरला विचारतं, तो भराभरा नावं ओकतो, त्यातलं एक उचलायचं, झालं. लोगोही तोच काढून देतो. सोनेरी कडा, मागून ज्वाळा, सगळं कसं चकचकीत. परवा असंच एक नाव ठरलं आणि मी सवयीनं उठून गॅलरीकडे गेले. दार उघडलं, खाली टेंपो लागलेले दिसले, आणि मग लक्षात आलं की हाक मारणारा माणूस जाऊन वर्ष होत आलं. तशीच परत येऊन बसले. त्या दिवशी माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही ते बरं, नाहीतर भांडण झालं असतं.

इनास त्याचं नाव. वसईच्या पापडीचा. गावात केळीची वाडी, वाडीत जुनं घर, घरात तो आणि त्याची आई. लग्न केलं नाही. उंच होता, म्हणून कायम थोडा वाकलेला, दारातून जाताना डोकं आपटू नये अशा बेतानं चालायचा, दार नसलं तरी. कानावर पेन्सिल. कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला कानावर पेन्सिल कशाला लागते, हे मी त्याला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. म्हणाला, "कान रिकामा बरा दिसत नाही." आईनं केलेली सुकेळी तो डब्यात आणायचा आणि सगळ्यांना वाटायचा. वाळवलेलं केळं ते, चिकट, की-बोर्डला लागायचं. मी ओरडायचे आणि खायचे.

आमचं ऑफिस सातिवलीला, एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर. खाली खिडक्यांची ग्रिलं बनवणारा. दिवसभर टण् टण्. वर आम्ही मोबाइलवरचे गेम बनवतो. हितेन आमचा मालक. इनास गेमला नाव द्यायचा आणि त्या नावाची अक्षरं काढायचा. माझं काम गेम खेळून त्यातल्या चुका काढणं. घरचे म्हणतात, हिला जन्मजात येतं तेच करायचे पैसे मिळतात. इनास म्हणायचा, "शुभा, तुला नावं ठेवायचा पगार, मला नाव ठेवायचा. एकाच धंद्यातले आपण."

नाव सुचलं की तो उठायचा. "हाक मारून बघूया," म्हणायचा आणि गॅलरीत जायचा. खाली टेंपोवाले, हमाल, चहाची टपरी. कठड्याला धरून तो त्या नावानं अशी मोठ्यानं हाक मारायचा, जणू कुणी त्या नावाचा माणूस खाली हरवलाय. मग थांबून बघायचा. कुणी नुसतं वर पाहिलं तर नाव नापास. कुणी "काय?" म्हणालं तरी नापास. एखाद्यानं "ओ" दिली, थट्टेत का होईना, तर नाव पास. रिक्षांच्या गेमला हितेननं 'एक्स्ट्रीम रिक्षा लेजेंड्स' असं काहीतरी ठरवून आणलं होतं. इनासनं ते गॅलरीत नेलं. मधल्या शब्दापर्यंत त्याचा दम गेला. खालून एक टेंपोवाला म्हणाला, "क्या हुआ अंकल, तबियत ठीक है?" हितेन चिडला. मी हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिले. मग इनासनं 'चल भुर्र' म्हणून हाक दिली, आणि तोच टेंपोवाला म्हणाला, "ओ, चल." त्या गेमचं तेच नाव राहिलं.

नाव देण्याचे त्याचे नियम होते. नावात लांबवता येईल असा एक तरी स्वर पाहिजे. "दुरून मारलेल्या हाकेतलं बाकीचं गळून पडतं," तो म्हणायचा, "तो स्वर तेवढा पोचतो." मी म्हणायचे, अरे, मोबाइलवर बोटानं दाबायचं नाव, त्याला कोण कशाला हाक मारतंय? त्यावर तो नुसता हसायचा. मला वाटायचं, कलाकार माणूस, असतं एकेकाचं खूळ.

लोगोचंही तसंच. लोगो झाला की तो स्क्रीनवर नखाएवढा करायचा, मग काळापांढरा करायचा, मग चष्मा काढून डोळे बारीक करून बघायचा. एका रविवारी त्यानं मला आणि हितेनला पाचूबंदरला नेलं. उन्हातान्हात जेट्टीवर उभं केलं. होड्या खाडीतून आत येत होत्या, ठिपक्याएवढ्या. आमच्या शेजारी टोपली घेऊन बसलेली बाई म्हणाली, "आली गो आमची." तिला विचारलं, नाव वाचलंस का? म्हणाली, "वाचाया कशाला पायजे?" खरंच, होडीच्या नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकावरची हिरवी-पिवळी पट्टी, निशाणाचा रंग, एवढ्यावरून तिला कळलं होतं. इनास आमच्याकडे वळून म्हणाला, "वाचायच्या आधी ओळखू आलं पाहिजे. फोनमध्ये शंभर चौकोन असतात, त्यातून आपला असा घरी यायला पाहिजे." हितेनला ते पटलं, पण त्याच्या गोऱ्या नाकाची पार सालं निघाली. दोन दिवस तो ती सोलत होता.

दुपारी डबा खाताना इनास जगभरच्या गेमच्या नावांच्या गोष्टी सांगायचा. खरं-खोटं देव जाणे, पण सांगायचा असा की आपण भाजी वाढून घ्यायला विसरावं. एका जपानी खेळाचं नाव परदेशात नेताना म्हणे बदललं, कारण मशीनवरचं पहिलं अक्षर पोरांनी जरासं खरवडलं असतं तर त्याची शिवी झाली असती. दुसऱ्या एका खेळातल्या मिशीवाल्या हिरोला नाव सुचेना, तेवढ्यात गोदामाचा मालक भाड्यासाठी भांडायला आला, म्हणून त्याचंच नाव हिरोला चिकटवलं. ह्यावर आम्ही सगळ्यांनी आमच्या गाळेमालकाचं नाव आठवून पाहिलं आणि तो विचार सोडून दिला. त्याची सगळ्यात आवडती गोष्ट एका बुडत्या कंपनीची होती. आता हा शेवटचाच गेम, म्हणून त्यांनी गेमच्या नावातच 'शेवटचा' असा शब्द घातला. तो असा चालला की त्याचे भागावर भाग निघत राहिले. "बघ," इनास म्हणायचा, "शेवटचा म्हणून ठेवलेलं, आणि अजून संपत नाही."

एक खोड मला सुरुवातीला कळायची नाही. खाली ग्रिलवाल्याचा हातोडा दिवसभर चालायचा, त्याची आम्हाला सवय झाली होती. पण मध्येच हातोडा थांबला आणि कुणी पत्र्यावर नुसतं दोनदा वाजवलं, टण् टण्, की इनास मान वर करायचा. कधी अर्धवट उठायचासुद्धा. मी म्हणायचे, "काय रे, शाळा सुटली का?" तो ओशाळून परत बसायचा.

आता हितेनचं सांगते. आम्ही पूर्वी 'तांडेल' नावाचा मासेमारीचा गेम काढला होता. नाव इनासचंच, लोगोही सुरेख, पण गेम आपटला. कुणी खेळेना, शेवटी हितेननं तो बंद केला. पुढं होड्यांच्या शर्यतीचा नवा गेम तयार झाला तेव्हा हितेन म्हणाला, "तांडेल नाव चांगलं होतं, लोगो तयार आहे, तेच ह्याला लावून टाकू. तसंही रिकामंच पडलंय." त्यात गैर काहीच नव्हतं. आमच्या धंद्यात रोज होतं असं. मीही मान डोलावली.

इनास एकदम उभा राहिला. "रिकामं नाही ते," म्हणाला. "मेलेलं आहे."

"अरे इनासभाई, गेम आहे तो."

"दुसरं देतो मी. आज देतो. पण ते नको लावूस."

आवाज चढवला नव्हता त्यानं. पण चेहरा असा झाला होता की हितेननं विषय सोडला. इनास गॅलरीत गेला, आणि त्या दिवशी आम्ही त्याला एकामागून एक नावं ओरडताना ऐकलं, खालच्यांनी कंटाळून बघायचं सोडलं तरी. 'उधाण' हे नाव तेव्हाचं. त्या गेमवर आमची कंपनी अजून चालते. पण मी चुका काढणारी बाई, मला राहवेना. दुसऱ्या दिवशी विचारलं, एवढं काय झालं तुला? म्हणाला, "रविवारी घरी ये. आय वाट बघत असते कुणी यावं म्हणून."

गेले. मी विरारची, तिथून पापडी काही लांब नाही, पण त्याच्या वाडीत शिरल्यावर वेगळंच वाटतं, केळींची सावली, ओल, मागं कोंबड्या. आईनं "ये बाय, बस," म्हणून ओट्यावर चटई टाकली. लहानखुरी बाई, लाल लुगडं, हात कामानं राठ झालेले. माझी चौकशी केली, माझ्या आईची केली, सुकेळी आवडतात का विचारलं. इनास मागं पाण्याचा पंप लावायला गेला होता. जेवण तयार झालं तशी ती उठली, टोपाचं झाकण घेतलं आणि पळीनं त्यावर दोनदा वाजवलं. टण् टण्. मागून इनास आला. हात धुतले, पाटावर बसला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

जेवल्यावर तो मला मागं घेऊन गेला. वाडीच्या टोकाला बावखल आहे. वसईत अशी पुष्कळ आहेत, वाडीला पाणी द्यायला पूर्वीच्यांनी खणलेली लहान तळी. हिरवं, निवांत पाणी, काठाला नारळ. तिथं उभं राहून त्यानं सांगितलं. कुठल्या जपानी गेमची गोष्ट सांगावी तसं सांगायला लागला, पण तसं काही ते त्याला जमलं नाही.

त्याच्या आधी एक इनास होता. थोरला भाऊ. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायचं ही त्यांच्यातली रीत, आणि आजोबांचं नाव इनास. तो चारेक वर्षांचा असताना ह्या बावखलात पडला. दुपारची वेळ, आईला वाटलं पोर वाडीत कुठंतरी खेळतंय. ती काठाकाठानं हाका मारत फिरली. शेजारच्या बायका सांगायच्या, त्याला बाहेर काढून ओट्यावर ठेवला तरी ती इथंच होती, हाका मारत होती. वर्षभरानं हा झाला. मुलगाच झाला. आजोबांचं नाव घरातून जाता कामा नये, असं मोठी माणसं म्हणाली. बाप्तिस्म्याला फादरनी तेच नाव दिलं.

"आयला कुणी विचारलं नाही," इनास म्हणाला. "नाव मोकळं पडलं होतं ना."

तो काठावर उकिडवा बसला.

"तिनं मला एकदाही नावानं हाक मारली नाही, शुभा. अरे म्हणते, बाबा म्हणते, झाकण वाजवते. शाळेत माझं नाव पुकारलं की मला वाटायचं, हे कुणा दुसऱ्याला बोलावतायत. मृतांच्या दिवशी सगळे मेणबत्त्या लावायला दफनभूमीत जातात, मी नुकता वाचायला शिकलेलो, आमच्या क्रुसावर माझं नाव. मी आयला म्हटलं, आय, मी हितं आहे. तिनं माझं तोंड दाबलं."

मागच्या वर्षी त्याला तिथंच ठेवला. क्रुसावर नाव नव्यानं कोरावं लागलं नाही. खाली नुसती दुसरी तारीख घातली. मला तो दगड आवडत नाही, आणि मी हे त्याच्या चुलत पुतण्यांना तोंडावर सांगितलं. मोठा इनास, धाकटा इनास, एवढं तरी लिहायचं होतं. ते म्हणाले, अशीच रीत आहे. असेल. मला आवडत नाही.

त्या दिवशी बावखलावर मी त्याला विचारलं, "तू कधी तिला सांगितलं नाहीस, की मला नावानं हाक मार म्हणून?"

"कॉलेजात असताना एकदा. ती चुलीपुढं होती. म्हटलं, आय, एकदा माझं नाव घे, मला ऐकायचंय कसं वाटतं. ती फुंकणी फुंकत राहिली. मी निघालो, तेव्हा म्हणाली, आणि ओ नाही आली तर?"

एवढं सांगून तो घराकडे वळला. चालता चालता म्हणाला, "चाळीशी उलटून गेली माझी. बाकी काही नको बघ. एकदा तिच्या तोंडून ऐकायचंय." गॅलरीतल्या त्या सगळ्या हाका, ते लांबवायचे स्वर, ते खालून कुणीतरी ओ द्यायचं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. 'इनास' मध्ये लांबवायला चांगला आ आहे, हेही तेव्हाच ध्यानात आलं.

पुढं त्याला पोटाचा कॅन्सर निघाला. मी ह्या आजाराचं फार सांगणार नाही, ज्यांनी बघितलाय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही त्यांना न कळलेलं बरं. आधी तो ऑफिसात यायचा, मग घरून काम करायला लागला. लोगो पाठवायचा, सोबत आवाजाचा मेसेज, त्यात वाडीतून मारलेली त्या नावाची हाक. हाक दिवसेंदिवस बारीक होत गेली. मागं कोंबड्या ऐकू यायच्या, कधी झाकणाचं टण् टण्, आणि मग मेसेज मध्येच तुटायचा, कारण तो जेवायला उठलेला असायचा. किमोला जाताना म्हणायचा, "ह्याचं नाव शेवटची ठेवूया. मग बघ, भागावर भाग निघतील." मी म्हणायचे, "बास झाला तुझा वाह्यातपणा." आणि मग जिन्यात जाऊन रडायचे.

एकदा त्याचं रक्त फार कमी झालं म्हणून वसईतल्याच हॉस्पिटलात रक्त चढवायला नेला. मी रजा घेऊन गेले. आई होतीच, खाटेशेजारी स्टुलावर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. इनासच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. डोळे अर्धवट मिटलेले, विचारलं तर मान हलवायचा, बोलायचा नाही. मी खाली औषधं आणायला गेले आणि वर येते तो दारात थबकले.

नर्स रक्ताची पिशवी घेऊन उभी होती. तरुण मुलगी, कामाची घाई. "आजी, पेशंटचं नाव सांगा."

आईनं इनासचा हात उचलून मनगटावरची पट्टी तिच्यापुढं धरली.

"ते मी वाचलं, आजी. तोंडानं सांगावं लागतं. पेशंटनं नाहीतर नातेवाइकानं. रक्त चढवायच्या आधी नियमच आहे आमचा."

आई बसून राहिली. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी दारात होते. एक शब्द बोलले असते तर संपलं असतं. आयुष्यात मी कधी गप्प बसलेली नाही, विचारा कुणालाही. पण तिथं मी औषधाची पिशवी छातीशी धरून दाराला टेकून राहिले. कारण इनासचे डोळे उघडले होते. तो आईकडे बघत होता.

"कोण लागतो तुमचा?" नर्सनं विचारलं, जरा मऊ आवाजात.

"पोरगा."

"मग नाव सांगा की."

आई उठून उभी राहिली. खाटेची दांडी धरली. "इनास," म्हणाली, तोंडातल्या तोंडात.

"काय? मोठ्यानं सांगा, आजी."

तिनं श्वास घेतला. आणि मग त्या एवढ्याशा बाईच्या अंगातून असा आवाज निघाला की सगळ्या खाटांवरची माणसं वळली. लांब, पाण्यावरून पलीकडच्या काठाला पोचेल असा.

"इनाऽऽऽस."

नर्स दचकली. मग म्हणाली, "हां, बरोबर," आणि कागदावर खूण करून पिशवी टांगायला लागली. तिचं काम झालं होतं. पण आई खाली बसेना. दांडी घट्ट धरून ती तशीच उभी होती, त्याच्या तोंडाकडे बघत. नर्स म्हणाली, "बसा आजी, झालं." ती बसली नाही. ती कशाची वाट बघतेय ते त्या वॉर्डात दोघांनाच माहीत होतं, एक मी आणि एक तो.

इनासनं सुई नसलेला हात हळूहळू वर आणला. मास्क बाजूला सारायला त्याला बराच वेळ लागला.

"ओ," तो म्हणाला. "ओ, आय."

मग ती स्टुलावर बसली.